झेरॉक्सवाले आबा

आबांच्या दुकानाचा बोर्ड वाचायचा तर पुरातत्त्व खात्याचाच माणूस बोलवावा लागेल. सगळ्यात तळाशी, रंगाचे पोपडे उडालेत तिथं, पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत 'एसटीडी आयएसडी पीसीओ' दिसतं. त्यावर निळ्या रंगात 'सायबर कॅफे'. त्या 'फे'वर अर्धवट चढलेलं 'सर्व कंपन्यांचे रिचार्ज', शेजारी 'मेमरी कार्ड भरून मिळेल', मग 'आधार-पॅन लिंक', 'सातबारा, आठ अ', 'पीक विमा', 'लाडकी बहीण ई-केवायसी'. आणि या सगळ्याच्या वर, पेंटरनं एकदाच रंगवलेलं आणि पुन्हा कधी हात न लावलेलं 'झेरॉक्स'. कराडच्या स्टँडपासून चालत दोन मिनिटांवरच्या या गाळ्यात भारतातल्या माहिती तंत्रज्ञानाचं प्रत्येक पर्व येऊन गेलं आहे. त्यातलं एकही आबांना पसंत पडलेलं नाही.

आबा सत्तरीला टेकलेत. पांढरा पायजमा, बाह्या दुमडलेला शर्ट, खिशात एक लाल पेन नि एक निळं, आणि बोटांना टोनरची कायमची काळी झाक. झेरॉक्स काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर, सरळ, मधे नेमकं अंतर सोडून, आणि हे सगळं मशीनकडे न बघता. चुरगळलेला जुना फेरफार आला तर तळव्यानं दोनदा दाबून सपाट करतात, अंधुक शाई किती गडद करायची ते कागद उजेडात धरून ठरवतात, आणि जी प्रत निघते ती अस्सल कागदापेक्षा जास्त वाचता येते. शंभर पानांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून टेबलावर आधी आडवा, मग उभा ठोकला की एक पान म्हणून बाहेर डोकावत नाही. एवढं सगळं हातच करतात. तोंड रिकामं राहतं, आणि रिकाम्या तोंडाला मत लागतं.

मताची लांबी कामाच्या आकारावर ठरते. एकच पान असेल तर एका वाक्यात निकाल: "क्रिप्टो म्हंजे मटकाच, आकडा तेवढा कॉम्प्युटर काढतो." पाठपोट दहा पानं असली की नोकिया का बुडाली ते ऐकावं लागतं. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या चार-चार प्रती घेऊन आली, तर इलॉन मस्क जन्मापासून. मी पडलो शाळामास्तर. चाचणीच्या प्रश्नपत्रिकांचे संच काढून घ्यायला जातो, पेपर फुटू नये म्हणून ते निघेपर्यंत तिथंच उभा राहतो, आणि त्यामुळे जगातल्या बहुतेक कंपन्यांविषयी माझं शिक्षण पूर्ण झालेलं आहे.

असा एक आबा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. कुठं त्याचं मेडिकल असतं, कुठं सलून, कुठं तो नुसताच निवृत्त असतो. त्यानं माउसला हात लावलेला नसतो, पण बिल गेट्सनं काय करायला हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला बिल गेट्सचा हेवा वाटतो असं मात्र समजू नये. कीव वाटते. आमच्या आबांच्या दुकानात कॉम्प्युटर आहे, स्कॅनर आहे, अंगठ्याचं मशीन आहे. ते सगळं काचेपलीकडं सूनबाई बघते. ती बीकॉम झालेली, मितभाषी. आबा बोलतात आणि ती टाइप करते. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, आबा सांगतायत तेच ती टाइप करतेय.

काउंटरसमोर एक बाकडं आहे. त्यावर निवृत्त एसटी कंडक्टर, पतसंस्थेतले वसुलीवाले साहेब आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातला त्या त्या वर्षीचा एखादा पोरगा असे तिघं सहसा सापडतात. पोरगा दर चार वर्षांनी बदलतो, बाकीचे दोघं तेच. पोराचं काम खरी माहिती पुरवण्याचं. ती मिळाल्यावर काय करायचं ते आबा बघतात.

आबांचं आवडतं वाक्य एकच आहे: "ह्ये टिकायचं न्हाई. लिहून घे." मागे एका बॅचच्या पोरानं ते खरंच लिहून घ्यायला सुरुवात केली. उधारीच्या वहीची शेवटची पानं त्यानं त्यासाठी राखून ठेवली. पुढच्या पोरांनी ती परंपरा चालवली. त्या पानांवर तारखेसकट ऑर्कुट आहे, फेसबुक आहे, टचस्क्रीन आहे ("घामेजल्या बोटानं फोन लागंल व्हय?"), एटीएम आहे, ऑनलाइन चपला आहेत. ऑर्कुटची नोंद २००७ची. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट खरंच बंद झालं, तेव्हा आबांनी अख्ख्या बाकड्याला चहा पाजला. बाकड्यावरच्या निम्म्या लोकांना ऑर्कुट काय होतं तेच आठवेना, पण चहा घेतला सगळ्यांनी.

"पण आबा, मधे सात वर्षं चाललं की ते," पोरगा म्हणाला.

"मी टिकणार न्हाई म्हनलो. कवापर्यंत ते म्हनलो व्हतो का?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. पेजर गेला, फ्लॉपी गेली, ब्लॅकबेरी गेला. म्हणजे आबा सगळीकडे बरोबरच निघाले. जी गेली नाहीत ती अजून जायची आहेत.

मोबाइलची कथा आबांच्या तोंडूनच ऐकावी. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावला. त्या काळी आबांचा एसटीडी बूथ जोरात होता. काचेच्या खोपटात लाल आकडे पळायचे आणि रात्री अकरानंतर पाव दर झाला की बाहेर रांग लागायची. आबांनी बातमी वाचली आणि मत दिलं: "मुख्यमंत्र्यानं मंत्र्याला लावला, म्हंजे सरकारी पैशानं. स्वताच्या खिशातनं लावून दाखवा म्हनावं." पुढं कळलं की आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात. मग तर आबा निर्धास्त झाले. "लावला तरी पैसे, उचलला तरी पैसे. आवं, उचलंल कोन?"

२००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि सगळ्यांनीच उचलला. बूथवरची काच आबांनी काढली ती आजही स्कॅनरखाली टेबलावर अंथरलेली आहे. रिचार्जचा बोर्ड लागला त्या आठवड्यातसुद्धा आबा मोबाइलला शिव्याच देत होते. वसुलीवाल्या साहेबांना राहवेना. "आबा, पटत नाही तर विकता कशाला?"

"मत माझं हाय सायेब. दुकान बँकेचं हाय."

हे साहेबांना लगेच समजलं. ते त्याच बाजूचे.

दोन सिमकार्डांचे फोन आले तेव्हाचं आबांचं मत वहीत आहे, पण इथं सौम्य करून सांगतो: ज्याला दोन शिमं लागतात त्याची दोन घरं असतात. आमच्याकडं प्रत्यक्षात एक शिम फोन यायला आणि दुसरं स्वस्तात लावायला असा साधा हिशेब होता. मायक्रोमॅक्स आणि चिनी फोनवाल्यांनी तो ओळखला, नोकियानं दोन सिमांचा फोन उशिरा आणला. आबांनी त्या वर्षी दोन सिमांचे फोन दणादण विकले, आणि विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाकडं एकदा चष्म्यावरून बघून घेतलं.

नोकिया का बुडाली याचं आबांचं उत्तर मात्र दोन सिम हे नाही. माज हे आहे. कोणतीही कंपनी का बुडाली याचं उत्तर माज. पोरानं एकदा कोडॅकची गोष्ट सांगितली: डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं १९७५ साली केला होता, चांगला साडेतीन किलोच्या वर भरेल असा, कॅसेटवर एक फोटो उतरायला २३ सेकंद लागायचे. साहेबलोकांना फिल्म विकायची होती, त्यांनी तो बासनात गुंडाळला, आणि २०१२च्या जानेवारीत कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

"माज," आबा म्हणाले.

"आणि ज्या चालतात त्या?"

"त्यांचा यायचाय."

यशाच्या बाबतीत आबांचं गणित जास्त अवघड आहे. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल ॲमेझॉनमधून बाहेर पडले, २००७ला बंगळुरूत पुस्तकं विकायला बसले, आणि २०१८ला वॉलमार्टनं सोळा अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा घेतला. पोरगा ही गोष्ट डोळे चमकवत सांगत होता. आबांनी मशीनचं झाकण उघडं ठेवून विचारलं, "म्हंजे दुकान गेलं?"

"गेलं नाही आबा, विकलं. एक्झिट म्हणतात त्याला."

"एक्झिट थेटरात असती, लाल दिव्याची. दुकान इकलं म्हंजे मानूस बुडाला."

पेठेत जन्म गेलेल्या माणसाला दुकान विकणं म्हणजे काय असतं ते सोळा अब्ज डॉलरनी समजावता येत नाही. पोरानं फार ताणलं नाही. तसंच व्हॉट्सॲपचं. फेसबुकनं २०१४ला ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा कंपनीत माणसं होती सारी पंचावन्न. "पंचावन्न?" कंडक्टर म्हणाले. "कारखान्याचे चिटबॉयच त्याच्या दुप्पट असतील." आबांनी पंचावन्न हा आकडा मनात बराच वेळ घोळवला आणि शेवटी म्हणाले, "मंग कॅन्टीन न्हाई चालत त्यांच्यात." हे त्यांना त्या कंपनीतलं खरं वैगुण्य वाटलं.

ट्विटरवर मात्र आबांचा आणि जगातल्या बऱ्याच शहाण्यांचा सूर जुळला होता, हे कबूल केलं पाहिजे. मस्कनं २०२२च्या ऑक्टोबरात ४४ अब्ज डॉलर देऊन ट्विटर घेतलं, पुढच्या जुलैत त्याचं नाव एक्स करून टाकलं. "पाखराला ४४ अब्ज मोजले, आणि पाखरूच उडवून लावलं," आबा म्हणाले, "पाटी बदलाय पेंटर लागतो, येवढे पैसे लागत न्हाईत." स्वतःच्या बोर्डावरचं एकही जुनं अक्षर कधी न खरवडलेल्या माणसाच्या तोंडून आलं होतं हे, त्याला वजन होतं.

आबांचं मत चुकतं म्हणजे नेमकं कसं चुकतं ते बघायचं तर २०१६ साल बघावं. त्या वर्षी फेब्रुवारीत २५१ रुपयांत स्मार्टफोन देणार अशी एक जाहिरात आली. सगळे हसत होते. आबा हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा एका तंत्रज्ञानाची त्यांनी तारीफ केली. "आता ह्ये गरिबाचं काम हाय. असं पायजे." दुकानात त्यांनी नावनोंदणी सुरू केली, उधारीच्या वहीचा एक अख्खा कोरा भाग त्याला दिला, सूनबाईला सकाळपासून साइटपुढं बसवलं. साइट पहिल्याच दिवशी झोपली. सूनबाई पानं ताजी करत राहिली, बाहेर लोक स्टँडवर शिवशाहीची वाट बघावी तसे उभे. फोन आमच्या गावात एकही आला नाही. नोंदणीचे पैसे आबांनी ज्याचे त्याला आपल्या खिशातून परत दिले, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नाहीत. ती मला कंडक्टरांनी सांगितली.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. दिवस गणेश चतुर्थीचा. डिसेंबर अखेरपर्यंत बोलणं फुकट, नेट फुकट. आबांचा पारा चढला. "फुकाट? आरं, कारखाना मळीसुदा फुकाट देत न्हाई! गनपतीसंगं आलंय, गनपतीसंगंच जाईल. लिहून घे." पोरानं लिहून घेतलं. अनंत चतुर्दशी झाली, गणपती कृष्णेत गेले, आणि आबांच्या दुकानापुढं आधार कार्ड हातात धरून लोकांची रांग लागली. डिसेंबरची मुदत मार्चअखेरपर्यंत वाढली, रांगही वाढली. आबा रांगेतल्या एकेकाला सिम देत होते आणि देता देता सांगत होते, की हे घेऊ नका, बुडणार आहे.

त्या रांगेनं त्यांचा स्वतःचाच एक धंदा मारला. मेमरी कार्ड भरून देण्याचा. आता वाचणाऱ्यातल्या तरुणांना हे सांगावं लागेल: दोन जीबीचं कार्ड घेऊन माणूस यायचा, 'निम्मी जुनी हिंदी, पाव भजनं, पाव डीजे' अशी ऑर्डर द्यायचा, आणि तीसेक रुपयांत कार्ड भरून घेऊन जायचा. कोणाला काय आवडतं ते आबांना तोंडपाठ होतं. गाव वरून काय ऐकतं आणि कानात काय ऐकतं यातला फरक त्यांच्याइतका कोणाला माहीत नव्हता. त्यांनी तो कधी बाहेर फोडला नाही. आता हेच काम पलीकडं कुठल्या तरी देशातलं मशीन करतं आणि त्याला अल्गोरिदम म्हणतात, असं पोरानं सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "पर त्यो गुरवाच्या म्हाताऱ्याला लावनी देतो का भजन, ते बघितलं पायजे." मला हे त्यांचं सगळ्यात अचूक मत वाटतं.

त्या वर्षापासून मी एक नियम पाळत आलोय. आबा शिव्या देतील ते बिनधास्त घ्यावं. आबा वाखाणतील त्याच्या वाटेला जाऊ नये.

यूपीआयला त्यांनी भरपूर शिव्या दिल्या होत्या, त्यामुळे मला काळजी नव्हती. आज काउंटरवर स्कॅनरची पाटी आहे आणि पैसे आले की मराठीत ओरडणारा डबा आहे. तो ओरडला की आबा आधी डब्याकडं बघतात, मग गिऱ्हाइकाकडं, मग पुन्हा डब्याकडं. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय अशी शंका त्यांच्या नजरेतून अजून गेलेली नाही. पण याच बाबतीत त्यांनी एक प्रश्न काढला होता. "गिऱ्हाइकाकडनं काय घेत न्हाईत, माज्याकडनं काय घेत न्हाईत. मंग ह्यांची चूल पेटती कशावर?" पोरगा गप्प झाला. जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही. सरकार काही प्रोत्साहन रक्कम देतं, ती पुरेशी नाही म्हणून त्या धंद्यातले भलेभले आजही कुरकुरतात. म्हणजे दिल्ली-मुंबईत ज्या प्रश्नावर बैठका होतात तो प्रश्न आबांनी पाठपोट झेरॉक्स काढता काढता विचारला होता.

तेवढ्यात काचेपलीकडून सूनबाई म्हणाली, "आबा, डब्याचं भाडं कापतात की दर महिन्याला."

"मंग ते मला आधी सांगायचं!"

झेरॉक्सविषयी मात्र या दुकानात बोलणं होत नसे. घरच्या माणसाविषयी काय बोलायचं? एका पावसाळी दुपारी लाइट गेली, मशीन थंड पडलं, आणि पोरानं विषय काढला. आबांचं मशीन, सांगून ठेवतो, कॅननचं आहे. मुंबईहून आणलेलं, जुनं, दुरुस्त करून विकतात तसलं. त्याच्या आधीचंही कॅननचं होतं. झेरॉक्स कंपनीचं यंत्र या दुकानात एक दिवसही आलेलं नाही.

पोरानं चेस्टर कार्लसनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या खात्यात कामाला, दिवसभर कागदांच्या नकला करून करून कंटाळलेला. त्यानं भाड्याच्या खोलीत खटपट केली आणि २२ ऑक्टोबर १९३८ला काचेच्या पट्टीवर तारीख आणि वस्तीचं नाव, ॲस्टोरिया, एवढंच लिहून त्याची पहिली कोरडी नक्कल मेणकागदावर काढली. मग वर्षानुवर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवले; वीसहून जास्त कंपन्यांनी नको म्हणून सांगितलं. दुकानात चालण्यासारखं यंत्र बाजारात यायला १९५९ उजाडलं.

आबांनी माज शब्द काढला नाही. ते म्हणाले, "एकवीस वर्षं?" आणि थोड्या वेळानं, "मानूस आपल्यातला हाय."

मग पोरानं दुसरा भाग सांगितला. त्याच झेरॉक्स कंपनीनं कॅलिफोर्नियात पालो आल्टोला संशोधन केंद्र काढलं. तिथल्या लोकांनी १९७३ साली आल्टो नावाचा कॉम्प्युटर केला. पडद्यावर खिडक्या, हातात माउस, आज सूनबाईपुढं आहे ते सगळं तेव्हाच. वरच्या साहेबांना त्यात धंदा दिसेना. १९७९ला ॲपलचा स्टीव्ह जॉब्ज तिथं येऊन बघून गेला, आणि पुढं १९८४ला मॅकिंटॉश निघाला.

आबांनी हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बाकड्याकडं, माझ्याकडं, आतल्या काचेकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे झेरॉक्सवाल्याचीच झेरॉक्स मारली?"

लाइट आली. मशीन घरघरलं. आबा उठले नाहीत. एवढा वेळ गिऱ्हाईक काउंटरवर उभं असलेलं मी त्या दुकानात कधी बघितलं नव्हतं. पुढचे काही दिवस ॲपलचा फोन घेऊन कोणी आलं तर आबा त्याची प्रत काढून द्यायचे, पण पैसे घेताना एक शब्द बोलत नसत.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं त्याची नोंद वहीत आहे: "पोपट हाय. शिकवलेलं बोलतो. टिकायचं न्हाई." त्यानंतरच्या मार्च-एप्रिलात, प्रोजेक्ट रिपोर्टांच्या हंगामात, एक प्रकार घडला. आबा एका ग्रुपचा गठ्ठा ठोकून सारखा करत होते. करता करता थांबले. आधीच्या ग्रुपचा बांधलेला रिपोर्ट शेल्फातून काढला, दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले. आबांचं इंग्रजी पत्ता वाचण्यापुरतं. पण त्यांनी बोट ठेवलं. "ही वळ मघाशी आलती. हितंच, पानाच्या बुडाला."

सूनबाईनं काचेपलीकडून येऊन वाचली आणि हसू दाबलं. आपण म्हणाल तर हा भाग आणखी सविस्तर करून देतो, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. मशीननं पोराला विचारलेलं, पोरानं तसंच रिपोर्टात घातलेलं. दोन्ही ग्रुपांनी.

"ह्ये कोन इचारतंय तुला, रिपोर्टात?" आबांनी पोराला विचारलं.

पोराचा चेहरा उतरला. उद्या व्हायवा होती.

"मास्तर वाचत न्हाईत, तू वाचत न्हाईस. निदान बाइंडिंगवाल्यानं तरी वाचाय नगं?" माझ्याकडं बघत आबा पुढं म्हणाले, "तुमाला न्हाई गुरुजी, त्या कॉलेजवाल्यास्नी म्हनतोय." सूनबाईनं पान दुरुस्त करून दिलं, नवीन प्रिंट निघाली, आणि आठवड्याच्या आत बोर्डावर ओळ वाढली: 'प्रोजेक्ट रिपोर्ट तपासून मिळेल'.

सूनबाई आता अर्जसुद्धा एआयकडून लिहून घेते. तहसीलदारांना, वीज मंडळाला, ग्रामसेवकाला. भाषा अगदी गुळगुळीत येते. पण कोणताही अर्ज आबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. एकदा शेतरस्त्याच्या अर्जाची प्रिंट हातात घेऊन ते म्हणाले, "ह्ये काय? 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार'? काम व्हायच्या आधी आभार? इतकं ग्वाड बोललं तर कोन हलंल जागचं?" खिशातलं लाल पेन काढून त्यांनी शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'अन्यथा नाइलाजास्तव उपोषणास बसावे लागेल.' सूनबाईनं तेवढं टाइप केलं. रस्ता झाला की नाही माहीत नाही, तलाठी मात्र जागेवर येऊन गेला.

नातू आठवीत आहे. त्यानं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांचा व्हिडिओ काढला. आबा आधार कार्ड मशीनवर ठेवताना मस्कला सल्ला देतायत, चाळीस सेकंद. रीलविषयी आबांचं मत वहीत आहे, 'माकडचाळे' या एका शब्दात. पण ते रील चाललं. सातारा, सांगली, पुणे, दुबईत असलेले आमचे लोक, सगळ्यांनी ते एकमेकांना पाठवलं. स्टँडवर उतरलेले लोक दुकान विचारत यायला लागले, झेरॉक्स काढायचं काही नसताना. मग दुसरं रील झालं, तिसरं झालं. शर्टाच्या बाह्या आता इस्त्रीनं दुमडलेल्या असतात, आणि एखादं मत चांगलं निघालं तर आबा ते अर्ध्यात तोडून विचारतात, "चालू केलंस का न्हाई?"

परवा नातू प्रतिक्रिया वाचून दाखवत होता. आबा, लय भारी. आबा, एकदम बरोबर. काका, माझ्या सासऱ्यांची आठवण आली. मग तो एका ठिकाणी अडखळला, आणि पुढं सरकायला लागला.

"काय हाय त्ये? वाच."

"काही नाही आबा. एक जण उगाच..."

"वाच म्हनतो न्हवं?"

नातवानं वाचलं. कोणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं: 'हे काका काही टिकत नाहीत. चार दिवस लोक बघतील, मग कोणी विचारणार नाही. लिहून घ्या.'

बाकडं गप्प झालं. कंडक्टरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फोनमधला तो मजकूर स्वतः बघितला.

"कुठला हाय रं ह्यो? बघ जरा. अभ्यास हाय मानसाचा."

"मग आबा, बंद करायचं का आपण?"

"बंद? खुळा का काय! त्यो कॉलरला लावायचा माइक मागवलाय नव्हं तुज्या आईनं, त्यो उद्या येतोय. परत करायचा म्हनलं तर ते लोक पैसे लवकर देत न्हाईत."